पुढे खाचांचे, मागे गुळगुळीत

भाद्रपद उतरणीला लागला की देवासच्या बायपासचा आवाज बदलतो. उन्हाळ्यात ट्रक नुसते घरघरत जातात. रस्ता ओला असला की त्या घरघरीखाली आणखी एक आवाज येतो, लांब कुठेतरी तापल्या तेलात मिरच्या सोडाव्यात तसा. खोल खाचांचा टायर पाणी कापून बाजूला फेकतो, त्याचा तो आवाज. आमचं घर बायपासपासून चारशे पावलांवर आहे. गच्चीवर उभं राहिलं की नव्या टायरचा ट्रक कोणता आणि झिजलेल्याचा कोणता, हे मला न बघता सांगता येतं. झिजलेला टायर पाण्यावरून जवळजवळ गप्प जातो. गेल्या तीन पावसाळ्यांपासून मला त्या गप्प टायरची भीती वाटते.

यंदाही पाऊस परतून आलाय तो तसाच, दुपारचा आणि आडवा. देवीची टेकडी अर्धी ढगात असते. खातेगावकडून येणारे लोक सांगतात की सोयाबीनच्या शेंगा भरताहेत, आता थांबला तर बरं. कोपऱ्यावर भुट्टे भाजणारा गाडीवर प्लास्टिक बांधून बसतो आणि धूर त्या प्लास्टिकखालीच कोंडतो. गच्चीवर मी एक सपाट बुडाचा डबा ठेवलेला आहे. रोज सकाळी सातला त्यात पट्टी बुडवायची आणि किती मिलिमीटर झाला ते वहीत लिहायचं. एकवीस पावसाळ्यांच्या वह्या आहेत. "बाबा पावसाचीही हजेरी घेतात," असं केतकी, माझी मुलगी, शाळेत होती तेव्हापासून म्हणते. तीन वर्षांपूर्वीच्या वहीत भाद्रपदातल्या एका रविवारासमोर एकतीस मिलिमीटर लिहिलेले आहेत. त्या दिवसाबद्दल माझ्या घरात लिहिलेलं तेवढंच आहे.

माझे वडील जळगावकडून इथे कारखान्यात नोकरीला आले. मीही कारखान्यातच लागलो, गिअर तपासायच्या विभागात. सव्वीस वर्षं एकच काम केलं, दात्याची जाडी मोजायची, कागदावर लिहायची, सही करायची. आमच्या विभागात पहिल्या दिवशी शिकवतात की जे मोजलं नाही ते सांगू नका. कोणी म्हणालं, "साहेब, ये पीस ठीक नहीं लग रहा," तर आम्ही विचारतो, "किती?" तो आकडा सांगू शकला नाही तर त्याचं म्हणणं कागदावर चढत नाही. कागदात त्यासाठी रकानाच नाही. हे मला अन्यायाचं कधी वाटलं नव्हतं. उलट घरातही मी तसाच वागत आलो. ताप आहे? किती? भाजीत तिखट जास्त झालंय? माझी बायको सुनंदा यावर एकदा म्हणाली होती, "अहो, जिभेला पट्टी लावू का?"

केतकी इंदूर रस्त्यावरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होती. तिथल्या मुलांनी मिळून एक रेसची गाडी बांधली होती. एका माणसाची, उघडी, जमिनीपासून चार बोटं उंच. शेवटच्या वर्षी चालवायला केतकीची निवड झाली, कारण तिचं वजन कमी होतं आणि तिला गाडी वाचता येत होती. हा शब्द त्यांचा. मला गाडी वाचणं म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण टायर मोजणं कळत होतं. रविवारी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन मी हवेचा दाब बघायचो, टायरचा पृष्ठभाग किती तापला ते तीन जागी मोजायचो, तक्ता करायचो. मुलं मला टायरवाले अंकल म्हणू लागली. मला ते आवडायचं. तापलेल्या रबराचा वास कपड्यांत भरून घरी यायचो आणि जेवताना आम्ही बापलेक त्याच गोष्टी बोलायचो.

रेसच्या गाडीला दोन तऱ्हेचे टायर असतात. कोरड्या रस्त्यासाठी अगदी गुळगुळीत, म्हणजे स्लिक, कारण खाच नसली की जास्त रबर रस्त्याला चिकटतं. ओल्यासाठी खाचांचे, म्हणजे रेन, कारण खाचांतून पाणी निघून जातं. ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतो. त्या वर्षी खाचांचे चार मागवले होते आणि दोनच आले. बाकीचे दोन वाटेत कुठल्याशा गोदामात पडून राहिले. धारजवळच्या एका छोट्या खाजगी ट्रॅकवर चार कॉलेजांची रेस ठरली होती आणि पाऊस हटत नव्हता. प्रश्न सरळ होता. दोन खाचांचे, दोन गुळगुळीत, तर खाचांचे लावायचे कुठे, पुढे की मागे?

आमच्या घरात नवा टायर नेहमी पुढे बसला. वडिलांच्या स्कूटरपासून तो शिरस्ता होता. आमचा टायरवालाही हेच सांगायचा, "आगे वाला अच्छा होना भिया, पीछे तो चल जाता है." अख्खा माळवा याच समजुतीवर गाडी चालवतो. पण मी ऐकीव गोष्टीवर सही करणारा माणूस नाही. मी म्हटलं, मोजू.

सुट्टीच्या दिवशी औद्योगिक वसाहतीतला एक रस्ता बंद असतो. तिथे लोडिंग टेंपोतून गाडी आणली, नेमकी उघडीप होती म्हणून टँकर लावून रस्ता भिजवला, खडूची रेघ मारली. केतकीने ताशी चाळीसवर येऊन रेघेपाशी ब्रेक दाबायचा आणि मी थांबण्याचं अंतर टेपने मोजायचं. प्रत्येक जोडणी तीनदा. चारही गुळगुळीत, तेव्हा सरासरी अठरा मीटर चाळीस. खाचांचे मागे, तेव्हा सोळा नव्वद. खाचांचे पुढे, तेव्हा तेरा वीस. फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरला काम जास्त, त्यामुळे पुढे खाच हवी. कारणही पटत होतं आणि आकडाही. मला तो दिवस अजून पूर्ण दिसतो. ओल्या डांबराचा वास, बंद कारखान्याच्या भिंतीवर वाळत घातलेले कोणाचे तरी कपडे, आणि हेल्मेट काढून घाम पुसणारी केतकी.

तो रस्ता सरळ होता. एकही वळण नव्हतं. फक्त शेवटी, परत येण्यासाठी, गाडी वळवून घ्यावी लागायची.

खाचांचे पुढे असताना तिसऱ्या खेपेला ती परत आली, माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "बाबा, वळताना मागून सुटली."

मी विचारलं, "किती?"

"किती म्हणजे? सुटली. थोडी."

"थोडी म्हणजे वीत? हात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हेल्मेट चढवत म्हणाली, "जाऊ दे. पुढचं घ्या."

माझ्या हातात पेन होतं. मी तेरा वीस लिहिलं. तिचं वाक्य लिहिलं नाही.

देवासहून धारला जाताना इंदूर ओलांडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते. पावसात ती जमीन रस्त्यावर येते. ट्रॅक्टरच्या चाकांतून चिखलाची ढेकळं पडतात आणि डांबरावर तपकिरी लेप चढतो. आमच्या दारापासून ट्रॅकच्या फाटकापर्यंत एकशे आठ किलोमीटर भरले. सुनंदाने डब्यात भुट्ट्याचा कीस दिला होता, तो मुलांनी वाटेतच संपवला. केतकी खिडकीला डोकं लावून ओल्या शेतांकडे बघत होती. अधूनमधून डोळे मिटून हात हवेत हलवायची, वळणं पाठ करत होती. तिच्या त्या हातांकडे बघून मला बरं वाटत होतं. मी माझं काम केलंय, आता ती तिचं करेल, असं काहीतरी.

ट्रॅकवर शेजारच्या शेतातलं पाणी एका वळणावर आडवं वाहत होतं. पातळ, चहासारखं. संघाचा मुख्य अनुराग, हुशार आणि घाईचा मुलगा, माझा तक्ता हातात घेऊन सगळ्यांना दाखवत होता. "अंकल ने नाप के दिया है. आगे रेन, पीछे स्लिक. तेरा मीटर में रुकती है अपनी गाड़ी." दुसऱ्या कॉलेजचा एक मुलगा म्हणाला, "रुकेगी तो सही, पर घूमेगी भी." अनुराग हसला, "तू अपनी देख भिया." मीही हसलो.

तिसऱ्या फेरीत, त्या वाहत्या पाण्यावर, गाडीचं नाक वळणात शिरलं आणि शेपूट आलं नाही. जिन्यावरून पलंग उतरवताना पुढच्याचे पाय कोरड्या पायरीवर असावेत आणि मागच्याचे शेवाळावर, तर पलंग पुढच्याभोवती फिरतो. तसंच झालं. पुढचे टायर रस्त्याला धरून होते, म्हणूनच मागचा भाग फिरू शकला. दीड गिरकी. मग जुन्या टायरांच्या भिंतीवर आडवी धडक. तो आवाज मोठा नव्हता. गादीवर पोतं टाकल्यासारखा होता. मी धावलो तेव्हा ती बसल्या जागी डावा हात उजव्या हाताने धरून होती आणि म्हणत होती, "सॉरी, सॉरी." कोणाला म्हणत होती माहीत नाही.

मनगटात धातूची पट्टी आणि चार स्क्रू. ते जोडलं गेलं, हात आता पूर्ण वळतो.

आठवड्याने अनुराग घरी आला. कॉलेजला अहवाल द्यायचा होता. केतकी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून पलीकडच्या खोलीत होती, दार उघडंच होतं. त्या गाडीला ॲक्सिलरेटरवर पाय किती दाबला ते नोंदवणारं यंत्र नव्हतं, त्यामुळे ठरवायचं ते अंदाजानेच. अनुरागने चहाचा कप हातात धरून विचारलं, "अंकल, आपका टेस्ट तो पक्का था ना?"

मी म्हणालो, "आँकड़े सही हैं."

मी खोटं बोललो नाही. आजही तो रस्ता भिजवून मोजला तर तेरा वीसच येतील. अनुरागने मान हलवली आणि अहवालात गेलं ते असं, की चालकाने वळणात ॲक्सिलरेटर लवकर दिला. आतून केतकी म्हणाली, "माझाच पाय लवकर पडला असेल, बाबा." तिने माझ्यासाठी दार लावून घेतल्यासारखं ते वाक्य होतं आणि मी आतच राहिलो.

नंतर मी वाचलं, लोकांना विचारलं. दोनच चांगले टायर असतील तर ते मागे लावावेत, हे जाणते लोक साध्या गाडीलाही सांगतात. पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, ते कळतं, आवरता येतं. मागचं घसरलं तर बहुतेकांना आवरत नाही. आणि रेसच्या गाडीला, पावसात, चारही एकाच तऱ्हेचे नसतील तर उतरूच नये. हे मला कळलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. केतकीचं प्लास्टर निघालं होतं, नोकरीच्या मुलाखती सुरू होत्या, आणि तो विषय घरात कोणी काढत नव्हतं. मीही काढला नाही. चूक मोठी असली की ती सांगायचा दिवस मिळत नाही. रोज वाटतं, आज कशाला.

आता ती पीथमपूरला एका कारखान्यात यंत्रभागांचे नकाशे काढते आणि शनिवारी घरी येते.

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या शेडमधून फोन आला. नवा संघ, नवी मुलं. मुख्य आहे पूनम, कन्नोदची, धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, खणखणीत बोलणारी. "अंकल, संडे को धार में उतरना है. जरा टायर देख लीजिए." मी गेलो. शेड तशीच आहे, पत्र्यावर पाऊस पडला की ओरडून बोलावं लागतं. भिंतीवर माझा तक्ता अजून होता, प्लास्टिकमध्ये घातलेला, माझ्या सहीसकट.

गाडी चालवणारा मुलगा बूट बांधत होता. त्याला दुसरा सांगत होता, "वो दूसरे मोड़ पे पानी रहता है. संभाल के. केतकी मत कर देना."

सगळे हसले. मी दाबाचं मीटर हातात धरून उभा होतो. पूनमला विचारलं, हे काय?

"अरे अंकल, वो अपनी बोली है. मतलब बारिश में घबरा के गाड़ी घुमा देना. कोई पुरानी दीदी थीं, रिपोर्ट में नाम है."

तिला माहीत नव्हतं. मी टायरवाला अंकल, माझं आडनावही त्यांना धड ठाऊक नाही. मी मीटर पुढच्या टायरला लावलं. पूनम पुढे म्हणाली, "रेन टायर दो ही अच्छे बचे हैं. तो आपके चार्ट के हिसाब से आगे डाल रहे हैं."

तेव्हा मात्र तोंड उघडलं. "आगे मत डालना. चारों एक जैसे मिलें तो उतरो, नहीं तो मत उतरो."

"पर अंकल, चार्ट तो आप ही का है."

"चार्ट अधूरा है."

"क्या छूट गया?"

पत्र्यावरचा पाऊस एवढा होता की मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. मी म्हणालो, "घर जाके बताता हूँ." बूट बांधणारा मुलगा मान वर करून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याला फक्त गाडीत बसायचं होतं आणि बसायचं की नाही ते मी अर्धंच सांगितलं होतं.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. औद्योगिक वसाहतीतला तो रस्ता, ते वाक्य, सगळं. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "मला काय सांगताय? तिला सांगा." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मला सांगितलंत तसं हळूहळू नका सांगू. एकदम सांगा."

शनिवारी दुपारी केतकी आली. जेवण झालं. ती ओट्यापाशी उभी राहून केळं खात होती, बाहेर पाऊस होता. मी म्हणालो, "केतकी, त्या दिवशी टँकर लावून मोजलं, तेव्हा परत येताना तू मला म्हणाली होतीस, बाबा, वळताना मागून सुटली. मी किती विचारलं. तुला सांगता आलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही. अनुराग आला तेव्हाही सांगितलं नाही. टायर उलटे लावले होते. चूक माझी होती, तुझ्या पायाची नव्हती."

शेडमधली ती बोलीही सांगितली. ते सांगताना तिच्याकडे बघता आलं नाही.

मला वाटलं होतं, ती रागावेल किंवा रडेल, किंवा म्हणेल, जाऊ दे बाबा. तिने केळ्याचं साल नीट घडी घालून ओट्यावर ठेवलं.

"म्हणजे मी म्हणाले होते?"

"हो."

"मोठ्याने?"

"हो. याच शब्दांत."

ती खुर्चीवर बसली. "मला वाटायचं, मी ते म्हणालेच नव्हते. मनात आलं असेल नुसतं. अहवालात नाही, तक्त्यात नाही, तुम्ही कधी बोलला नाहीत. म्हटलं, हात मोडल्यावर माणूस स्वतःला सोडवायला काहीतरी रचतो, तसं मीही रचलं असेल." सुनंदा आत येऊन तशीच परत गेली. "बाबा, मी तीन वर्षं माझ्या पायावर नजर ठेवून आहे. जिना उतरतानासुद्धा."

माफी मागितली, ती तिने ऐकून घेतली. माफ केलं असं म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही.

तिच्यासमोरच पूनमला फोन लावला आणि जे सुटलं होतं ते सांगितलं. कोणाची मुलगी, कोणाची चूक, सगळं. पलीकडे शेडमधला गलका हळूहळू बंद पडला. पूनम म्हणाली, "अंकल, चार्ट उतार देते हैं." मग थोडं अडखळत, "संडे को नहीं उतरेंगे. पर अंकल, टेप से तो पता नहीं चला था, तो दीदी को कैसे पता चला था?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत मी तिला हे विचारलंच नव्हतं. मी फोन केतकीपुढे धरला.

तिने तो लगेच घेतला नाही. हात ओढणीला पुसले. मग घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली, पावसाकडे तोंड करून. मी स्वयंपाकघरातच उभा राहिलो. सुरुवातीला तिचा आवाज इतका बारीक होता की शब्द कळत नव्हते, नंतर तो मोठा झाला, हात हलायला लागले, मधे ती एकदा कशाला तरी हसलीही.

"देख, पहले कमर को पता चलता है. हाथ को बाद में. आँख को तो सबसे आखिर में... हाँ, जैसे कोई नीचे से चटाई सरका रहा हो... नहीं, डर अलग चीज है, डर पेट में होता है. ये कमर में होता है. जिसको बिठा रही है ना, उससे हर चक्कर के बाद पूछना और वो जैसा बोले वैसा लिखना."

पागोळ्या तिच्या पायांवर पडत होत्या, तिने पाय मागे घेतले नाहीत.

"और उसको ये भी बोल देना, कोई पूछे कि कितना, तो चुप मत हो जाना. मैं हो गई थी."